गाडीचं चोरबटण

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



परकराला चोरखिसा असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. एसटीत कितीही रेटारेटी झाली, बाजारात कितीही धक्के खाल्ले, तरी त्यातले पैसे घरी येतात. तो खिसा काही लोखंडाचा नसतो. पण तो कुठे आहे हे दुसऱ्याला माहीत नसतं, आणि शोधत बसायला चोराला वेळ नसतो. गाडीलाही असा चोरखिसा शिवता येतो. म्हणजे एक लपवलेलं बटण बसवायचं. ते चालू केल्याशिवाय किल्ली फिरवली तरी गाडी सुरू होत नाही. कुणी त्याला चोरबटण म्हणतं, कुणी छुपा स्विच, कुणी किल स्विच. मोटारसायकलच्या उजव्या मुठीजवळ इंजिन बंद करायचं लाल बटण असतं ना, त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच, की ते सगळ्यांना दिसतं आणि हे कुणालाच दिसत नाही.

बचत गटाच्या बायकांना हे कशाला, असं कुणाच्या मनात येईल. तर आता आपल्या गटांकडे गाड्या आल्या आहेत. मसाला, शेवया, कुरडया, पापड पूर्वी आपण डोक्यावर नाहीतर एसटीच्या टपावर न्यायचो, आता स्वतःच्या गाडीतून आठवडी बाजाराला नेतो. ही गाडी बहुधा जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली असते, तिच्यावर कर्ज असतं आणि ती उभी असते उघड्यावर. शेजारच्या गावातल्या एका गटाची व्हॅन अशीच देवळापुढून रात्री गेली. विमा होता, पण फक्त थर्ड पार्टी. थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई मिळते; आपली गाडी चोरीला गेली तर एक रुपया मिळत नाही. गाडी गेली, कर्जाचे हप्ते तेवढे मागे राहिले. दहा जणी आजही ते फेडत आहेत. ही गोष्ट कानावर आली, तेव्हा आमच्या गटाच्या मासिक बैठकीत दुसरा विषयच निघाला नाही. आपल्या गाडीचं काय करायचं, एवढाच.

आमची गाडी म्हणजे जुनी ओम्नी. या व्हॅनचं उत्पादन २०१९ साली थांबलं, पण खेड्यापाड्यात ती अजून भरपूर धावते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांच्या किल्लीत एक छोटी चिप असते. ती चिप ओळखल्याशिवाय इंजिनाचा संगणक गाडी सुरूच होऊ देत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात. तुमच्या गाडीत तो आहे का, ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहा. असेल तर आजचं काम तुम्हाला तितकं गरजेचं नाही. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर तिच्या वायरिंगला कात्री लावूच नका, वॉरंटी अडचणीत येते. आजचं बोलणं आमच्यासारख्या जुन्या, साध्या किल्लीच्या गाड्यांसाठी आहे.

आधी चोर काय करतो ते समजून घेऊ. किल्ली हे खरं तर एक बटणच आहे. पहिल्या टप्प्यात स्टिअरिंगचं कुलूप सुटतं, दुसऱ्या टप्प्यात इंजिनाला लागणारी वीज चालू होते आणि तिसऱ्या टप्प्यात स्टार्टर फिरतो. स्टार्टर म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी छोटी मोटर. चोर बनावट किल्ली लावतो, नाहीतर किल्लीमागच्या तारा उपसून एकमेकींना जोडतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी डायरेक्ट करणं’ म्हणतात. म्हणजे किल्लीचं काम तो तारांकडून करून घेतो. आपण काय करायचं? किल्लीपासून पुढे गेलेल्या एका तारेत आणखी एक दार बसवायचं. चोराने किल्ली हरवली तरी हे दुसरं दार बंदच राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: दार कुठल्या तारेत बसवायचं? बटण कुठे लपवायचं याचीच बायका जास्त चर्चा करतात. पण तार निवडणं हा त्याहून मोठा निर्णय आहे, कारण त्यात आपल्या जिवाचा संबंध येतो.

एक पर्याय पेट्रोलच्या पंपाचा. इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीतलं पेट्रोल विजेचा पंप पुढे ढकलतो. त्याची वीज तोडली तर कधी कधी गाडी सुरू होते, पाइपातल्या उरलेल्या पेट्रोलवर जरा चालते आणि फाटकाशीच बंद पडते. चोराला वाटतं गाडीच नादुरुस्त आहे. दुसरा पर्याय इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची वीज तोडायची. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हे सोपं असतं. दोन्ही पर्याय चोरासाठी कडक आहेत. पण दोन्हींत एक धोका आहे. बटण सैल झालं, तार निसटली, पिशवीचा धक्का बसला, तर चालती गाडी बंद पडते. घाटात इंजिन बंद पडलं की ज्या गाडीला ब्रेकचा बूस्टर असतो तिचा ब्रेक दोन-तीन वेळा दाबल्यावर दगडासारखा घट्ट होतो, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर चाक वळवायला दोन्ही हातांचा जोर लागतो. मागे माल, शेजारी बायका, खाली दरी. चोरापासून गाडी वाचवण्यासाठी आपलीच माणसं धोक्यात घालायची नाहीत.

तिसरा पर्याय स्टार्टरचा, आणि आम्ही तोच निवडला. स्टार्टरची गरज गाडी सुरू करताना काही क्षण असते. गाडी एकदा सुरू झाली की त्याचं काम संपतं. त्यामुळे आपलं बटण रस्त्यात बिघडलं तरी चालती गाडी थांबत नाही. फार तर पुढच्या वेळी ती सुरू होणार नाही. यातही उणीव आहे. हाताने गिअर टाकायच्या गाडीला धक्का मारून, दुसऱ्या गिअरवर सुरू करता येतं. पण रात्री वाड्यापुढून गाडी ढकलत न्यायची म्हणजे दोन-तीन माणसं हवीत, उतार हवा, आणि कुत्री भुंकणार ती वेगळीच. ही उणीव कशी भरून काढायची ते पुढे सांगतो.

डिझेलच्या गाडीचा स्टार्टरही असाच विजेवर फिरतो, म्हणून हीच पद्धत तिथेही चालते.

आता जोडणी. इथे एक शब्द लागेल, रिले. घाबरू नका, रिले आपण शेतात रोज पाहतो. विहिरीच्या मोटरीच्या स्टार्टरवर हिरवं बटण असतं. त्या एवढ्याशा बटणातून मोटरीची सगळी वीज जात नाही. बटण दाबलं की आतल्या गुंडाळीचं चुंबक होतं, ते जाड पट्ट्या ओढून घेतं आणि मोठी वीज त्या पट्ट्यांमधून जाते. रिले म्हणजे हेच, फक्त काडेपेटीपेक्षा लहान. आपल्याला तो का हवा? स्टार्टरला ओढ देणाऱ्या तारेतून क्षणभर बरीच वीज जाते. ती सगळी छोट्या लपवलेल्या बटणातून नेली तर बटण तापेल, जळेल. रिले बसवला की बटणातून एका अँपिअरच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी वीज जाते.

गाडीच्या दुकानात १२ व्होल्टचा, ४० अँपिअरचा रिले सहज मिळतो. त्याच्या पायांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ३० आणि ८७ हे मोठ्या विजेचे पाय, ८५ आणि ८६ हे गुंडाळीचे. किल्लीकडून स्टार्टरकडे जाणारी तार शोधून ती मधोमध कापायची. किल्लीकडचं टोक ३० ला, स्टार्टरकडचं टोक ८७ ला. किल्लीकडच्याच टोकापासून एक बारीक तार छोट्या फ्यूजमधून ८६ ला न्यायची. ८५ पासून बारीक तार निघून लपवलेल्या बटणाला जाते आणि बटणाच्या दुसऱ्या बाजूची तार गाडीच्या लोखंडी अंगाला, म्हणजे अर्थिंगला, घट्ट बसवायची.

हे चालतं कसं? किल्ली तिसऱ्या टप्प्यावर फिरवली की वीज ३० पर्यंत आणि ८६ पर्यंत येते. बटण चालू असेल तर गुंडाळीला अर्थिंग मिळतं, पट्टी ओढली जाते, ३० ची वीज ८७ ला जाते आणि स्टार्टर फिरतो. बटण बंद असेल तर वीज दारात येऊन उभी राहते, आत जात नाही. या जोडणीची आणखी एक चांगली बाजू आहे. बटणाची तार अर्थिंगच्या बाजूला असल्यामुळे ती कुठे घासून गाडीच्या पत्र्याला लागली तरी आग लागत नाही. फार तर बटणाचा पहारा उठतो आणि गाडी बटणाशिवाय सुरू व्हायला लागते. म्हणून अधूनमधून बटण बंद ठेवून किल्ली फिरवून बघायची. गाडी सुरू झाली तर तार कुठेतरी सोलली गेली आहे असं समजायचं.

हे काम गाडीच्या वायरमनकडून करून घ्या, पण शेजारी उभं राहून करून घ्या. चार गोष्टी डोळ्यांनी पाहा. पहिली, काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे वजा खुणेची तार काढली का. दुसरी, बॅटरीकडून स्टार्टरला गेलेल्या बोटाएवढ्या जाड केबलला हात लावलेला नाही ना. तिच्यातून शंभराहून जास्त अँपिअर वीज जाते, ती कधीही कापायची नाही. तिसरी, ३० आणि ८७ ला जोडलेली तार गाडीच्या मूळ तारेइतकी जाड आहे का, आणि जोड नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले आहेत का डाग देऊन वर नळी चढवलेले आहेत. पिळलेला जोड उन्हाळ्यात सुटतो आणि पावसाळ्यात गंजतो. चौथी, एअरबॅगच्या गाडीत पिवळ्या आवरणाच्या तारांच्या वाटेला कुणी गेलेलं नाही ना. आणि नव्या तारा काळ्याच घ्या. जुन्या काळ्या तारांच्या जुडग्यात लालभडक नवी तार म्हणजे चोराला दाखवलेला बाण.

आम्हाला साहित्य पाचशे रुपयांच्या आत पडलं, मजुरी वेगळी.

आता बटण लपवायचं कुठे? आमचं कुठे आहे ते रेडिओवर सांगणार नाही, हसू नका. पण नियम सांगतो. चोराचा हात पहिल्यांदा जातो तो स्टिअरिंगखाली, मग पायापाशी, मग सीटखाली. तिथे नको. पट्टा लावून बसलेल्या चालवणारीचा हात न वाकता पोचला पाहिजे. पोती घासतील, लेकरांचे पाय लागतील, गाडी धुताना पाणी जाईल अशी जागा नको. इंजिनाच्या उष्णतेजवळ नको. आणि बटण वापरताना बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काही दिसता कामा नये. पदर सावरला, पिशवी ठेवली, एवढंच त्याला दिसावं.

इथे आम्ही एक गोष्ट मुद्दाम केली. वायरमनदादांनी रिले बसवला आणि बटणाच्या दोन बारीक तारा लांब सोडून दिल्या. बटण मात्र आमच्यातल्या दोघींनी नंतर, अंगणात गाडी उभी करून बसवलं. दादांवर अविश्वास नव्हता, ते स्वतःच म्हणाले, “ताई, मला माहीतच नको. उद्या काही झालं तर माझ्यावर बालंट नको.” बारीक तारेचं काम असल्यामुळे ते जमण्यासारखं आहे. बॅटरीची तार काढलेली, हातात पकड आणि स्क्रू पिळायचा पाना. मग नंतर तपासणी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बटण बंद असताना दहा वेळा किल्ली फिरवायची, चालू करून दहा वेळा फिरवायची. एकदाही चुकता कामा नये.

तारांचं काम दोन तासांत झालं. त्यानंतर बैठकीत जी चर्चा झाली ती तीन तास चालली. बटण कुठे आहे हे कुणाकुणाला माहीत असावं? एक मैत्रीण म्हणाली, गाडी सगळ्यांची, मग गुपितही सगळ्यांचं. दुसरी म्हणाली, दहा जणींना सांगितलं म्हणजे दहा घरांना सांगितलं. आमच्यातल्या सर्वांत वडील काकूंनी वेगळाच प्रश्न विचारला: “रात्री दोन वाजता कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, चालवणारी गावात नसली, तर गाडी दारात उभी असून उपयोग काय?” या प्रश्नावर सगळ्या गप्प झाल्या. गाडी चोरापासून वाचवणं महत्त्वाचं, पण ती वेळेला आपल्याच माणसांना मिळाली नाही तर तीही एक प्रकारची चोरीच.

शेवटी असं ठरलं. गाडी चालवणाऱ्या दोघींना माहीत असेल, आणि जिच्या अंगणात गाडी उभी असते तिला. चौथी कुणी नाही. या तिघींपैकी एक तरी रात्री गावात असलीच पाहिजे, नसेल तर जाण्याआधी अध्यक्षांना सांगायचं. घरच्या माणसांना न सांगणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं नाही. जो गाडी चालवत नाही त्याला माहीत असायची गरज नाही, एवढाच नियम, तो नवऱ्याला आणि मुलालाही लागू आणि गटाच्या अध्यक्षांनाही. तिघींपैकी कुणी काम सोडलं तर बटणाची जागा बदलायची. तार बारीक आहे, अर्ध्या तासात बदलता येते, आणि त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

कागदांचंही ठरवलं. खर्चाचा ठराव इतिवृत्तात लिहिला, पावती लावली, पण बटणाची जागा लिहिली नाही. आपली वही बँकेचे साहेब बघतात, लेखापरीक्षक बघतात, कधी पाहुणेही चाळतात. जोडणीचं चित्र मात्र हवंच, नाहीतर चार वर्षांनी तार कुठून कुठे गेली ते कुणालाच आठवणार नाही. ते एका पाकिटात बंद करून, वर सह्या करून, गाडीच्या आरसी बुकासोबत कपाटात ठेवलं. गाडीत नव्हे. गाडी सर्व्हिसिंगला देताना बटण चालू ठेवूनच द्यायची, म्हणजे गॅरेजमध्ये कुणाला काही सांगावं लागत नाही.

आता राहिलेली उणीव. धक्का मारून गाडी नेता येते, टो करूनही नेता येते. म्हणून चोरबटण एकटं पुरत नाही. स्टिअरिंगला किंवा गिअरला बाहेरून दिसणारं कुलूप लावा. ते चोराला लांबूनच सांगतं की इथे वेळ जाणार. गाडी भिंतीकडे तोंड करून, गिअरमध्ये, उजेडात उभी करा. मागे दगडाची ओट लावा. चोरखिसा आहे म्हणून पिशवीचं तोंड उघडं टाकायचं नसतं. आणि एक सवय चालवणारींनी लावून घ्या: हँडब्रेक, किल्ली, बटण, कुलूप, याच क्रमाने, रोज. पाच मिनिटांसाठी दुकानात जातानाही. वापरलं नाही तर सगळ्यात भारी बटणही शोभेचंच.

विम्याबद्दल एक गैरसमज काढून टाकू. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण, रीतसर प्रमाणपत्रासह बसवलं असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सूट देण्याची तरतूद २००२ च्या विम्याच्या दरपत्रकात केलेली होती. आपलं घरगुती चोरबटण त्यात बसत नाही. त्यामुळे सूट मिळेल या आशेने ते बसवू नका. पण चोरीची भरपाई देणारा सर्वंकष विमा, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, तो मात्र घ्या. चोरी झाली तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच बघा. कर्ज देणाऱ्या बँकेच्या कागदांत, की कुणाच्या डब्यात?

आणि एवढं करूनही गाडी गेलीच, तर उजाडायची वाट बघू नका. ११२ वर फोन करा, पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, विमा कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा, आरटीओलाही लेखी कळवा. फास्टॅग असेल तर तो ज्या मोबाइलला जोडला आहे त्यावर लक्ष ठेवा. टोलनाक्यावर पैसे कापल्याचा संदेश आला की गाडी कुठल्या दिशेला गेली ते कळतं, आणि तो पोलिसांना लगेच दाखवता येतो. गटाच्या गाडीचा फास्टॅग विकणाऱ्याच्याच जुन्या नंबरला जोडलेला राहिला असेल तर तो बदलून घ्या.

मैत्रिणींनो, आपण गटात पैसे मोजायला शिकलो, बँकेत बोलायला शिकलो, गाडी चालवायला शिकलो. आता बॉनेट उघडून तार ओळखायलाही शिकूया. येत्या मासिक बैठकीत विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा: गाडीची सुरक्षा. विमा कुठला आहे, दुसरी किल्ली कुठे आहे, गाडी रात्री कुठे उभी असते, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी लिहून काढा. मग वायरमनला बोलवा. आणि बटण बसवून झालं की कुठे बसवलं ते आम्हाला पत्राने कळवू नका. बसवलं, एवढंच कळवा.